अंगणाला खराटा नाही

माघ व. २

विनू सकाळच्या गाडीने गेला. मुंबईहून बोटीने कराची, तिथून पुढे पलटणीच्या कोठारावर कारकून. पुढे म्हणजे कुठे ते त्यालाही नीट सांगता येईना. लढाईच्या मुलुखात एवढं कळलं. पगार बरा आहे म्हणे. असेल.

दही सुनेने घातलं हातावर. निघताना समोर बोडकी नको म्हणून मी मागच्या पडवीत डाळ निवडत बसले होते. तिथे आलाच पाया पडायला. म्हटलं, मूर्खा, उंबरा ओलांडल्यावर मागे फिरतात का? तर म्हणतो, "आई, अक्षर विसरशील. रोज दोन ओळी लिहीत जा." हे एका बाजूने कोरे कागद त्यानेच कचेरीतून आणून ठेवलेत. अक्षरंही त्यानेच शिकवली, भांडत भांडत. म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही.

तो गेल्यावर अंगण झाडायला खराटा उचलला, तो सून धावत आली नि हातातून काढून घेतला. "सासूबाई, नको. पोचल्याची खबर येईपर्यंत आमच्याकडे अंगण झाडत नाहीत."

आजचा दिवस झाडायचं नाही हे मला ठाऊक आहे. माणूस गेल्याबरोबर केर काढला तर तिरडीमागे काढल्यासारखं होतं. मी उद्याचं बोलत होते असं सांगितलं. (नव्हते.) पण खबर येईपर्यंत? हिचं माहेर खडवली. तिथला माणूस जाऊन जातो कुठे, तर कल्याणच्या बाजाराला. दिवेलागणीला घरी. तेवढा वेळ अंगण राहतं तसं. म्हटलं, यमू, हा कराचीच्या पलीकडे निघालाय.

"मग अंगण तेवढं थांबेल."

जीभ आहे हिला. आज कळलं.


माघ व. ५

घरातला केर काढायला हरकत नाही. फक्त अंगणाचा नाही, कारण पावलं अंगणातून गेली.

बदामाने नेमकी आत्ताच पानं टाकायला घेतलीत. लाल, तळहाताहून मोठी. पडतात तेव्हा कोणी आल्यासारखा आवाज होतो. सून दोनदा दारात जाऊन आली. मी एकदा. मला खरकटं पाणी टाकायचं होतं.


माघ व. ९

सडा कशावर घालू? शेण कालवून ठेवलेलं तसंच वाळलं. तुळशीपुढे वीतभर जागा आहे, तेवढ्यात सून रांगोळीची दोन बोटं ओढते.

समोरची गोदाक्का आज कुंपणाशी येऊन उभी. माझ्याच वयाची, नवरा आहे, चार सुना आहेत, तरी सगळ्या आळीच्या अंगणांवर हिची नजर. "काय हो वहिनी, घरात बाईमाणूस नाही का कोणी?"

म्हटलं, आहेत की दोघी. तुम्हाला बघायला काही असावं म्हणून पसरून ठेवलंय.

हसली. मग कारण सांगितलं तर तिथूनच तुळशीला हात जोडले.


माघ अमावास्या

विनूच्या कचेरीतला एकजण मुंबईहून आला, सांगून गेला की बोटीत बसलेला डोळ्यांनी पाहिला. मी खराट्याकडे पाहिलं. सून म्हणाली, "बोटीत बसले म्हणजे पोचले नव्हे."

दुर्गी पानं तुडवत हिंडते. सहा वर्षांची घोडी, पण आवाज होतो म्हणून दिवसभर तेच. आई ओरडली तर म्हणते, मी झाडत नाहीये, चालतेय. बापाचीच.


फाल्गुन शु. ४

भिमी आली, शिळे गावाकडची. दरसाल आमच्या अंगणातला पातेरा, पडलेला पाला, हीच नेते. शेतात जिथे भाताचं रोप करायचं तिथे पसरतात, जाळतात, त्या राखेत बी टाकतात. राब म्हणतात त्याला. पातेऱ्यापायी दिवाळीत नवे पोहे आणून देते, आणि वर्षभर आमच्या आळीच्या बातम्या शिळेला नि शिळेच्या इकडे.

"आजे, यंदा पातेरा मस पडलाय. नेऊं?"

आतून सुनेचा आवाज, नाही.

भिमी म्हणाली, "अगो बाय, रानात टहाळ तोडू देत नाय आता. शिपाय काठी घेऊन उभा रातो. राब नाय भाजला त रोप उगवंल कसां? तुमच्या अंगणाचाच आधार हाय."

म्हटलं, ने तू, मी सांगते. तर सून येऊन पायरीवर बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बसली. आता बसलेल्या माणसाशी काय भांडणार?

भिमीने टोपली पालथी घातली. कारण विचारलं नि ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. राब भाजायला अजून येळ हाय. खबर आली का सांगा, लगेच येतंय." आणि त्याच पालथ्या टोपलीवर बसून पाव घटका शिळेच्या बातम्या सांगून गेली.


फाल्गुन शु. ११

पत्र आलं! कराचीचं. सुनेला वाचता येत नाही, मी वाचलं. दोनदा वाचायला लावलं. बोटीत फार ओकलो, आता बरा आहे. इथे उंट फार. उद्या पुढे निघणार, डोंगरातून वाट आहे, थंडी आहे. मुक्कामी पोचलो की लिहीन. दुर्गीला मुका. आईने लिहिण्याचा कंटाळा करू नये.

मी म्हटलं, चल, आण खराटा.

ती म्हणाली, "शेवटून तिसरी ओळ पुन्हा वाचा."

वाचली. मुक्कामी पोचलो की लिहीन.

"त्यांनीच लिहिलंय," म्हणाली नि चुलीशी गेली. खराटा कोपऱ्यात. माझ्याच लेकाने माझ्याच तोंडून मला हरवलं. तरी आज जेवले दोन घास जास्त.


फाल्गुन पौर्णिमा

होळी. आळीतली पोरं पाला मागायला आली. सुनेने गोवऱ्या दिल्या, पाल्याला हात लावू दिला नाही. पोरं बोंब मारून गेली आमच्या नावाने. हिला काही वाटत नाही. पूर्वी कोणी मोठ्याने शिंकलं तर दचकायची.

प. ना. (पत्र नाही. रोज एवढं लिहायला कागद कशाला नासू, आता एवढंच लिहीन.)


फाल्गुन व. ६

आता आंब्याचाही पाला सुरू झालाय. बदामाची लाल पानं खाली काळी पडली, त्यावर आंब्याची. पाय घोट्यापर्यंत जातो. फाटकापासून पायरीपर्यंत जायला यायला वाट पडली आहे तेवढीच.

प. ना.


फाल्गुन व. १०

विंचू चावला. मलाच. पाला उचलून वाळवणाची जागा करत होते (हाताने, खराट्याने नाही), पायाच्या अंगठ्याला. दोन दिवस पाय हत्तीचा. सुनेने चुना लावला, पाय मांडीवर घेऊन बसली, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, रडतेस काय, हा तुझाच पाळलेला. तर हसली आणि रडली. दोन्ही एकदम कशी करते कोण जाणे.

दुर्गीला चावला असता तर? हे मी बोलले नाही. तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुर्गीला अंगणात उतरू देत नाही. खराटा मात्र कोपऱ्यातच.

प. ना.


चैत्र शु. १

पाडवा. गुढी दरसाल अंगणात पाट मांडून. यंदा खिडकीला बांधली. गोदाक्का बघत होती, पण काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे बोलण्यासारखं झालं आहे.

कराचीनंतर पत्र नाही. टपालवाला आताशा आमच्या फाटकावरून जाताना दुसरीकडे बघतो. त्याचा काय दोष. तरी राग येतो.


चैत्र शु. ५

गोदाक्काचे यजमान ठाण्याच्या कचेरीत जातात, ते सांगत आले. ठाण्यात दामले म्हणून कोणी आहे, तो त्याच कोठारावर होता, ताप भरला म्हणून परत पाठवला. विनूच्याच तुकडीबरोबर गेलेला. सून मागे विहिरीवर होती. मी त्यांना म्हटलं, हळू बोला. अष्टमीला तुमच्याबरोबर येते. घरात सांगीन, गुडघ्याला वैद्याकडे.

गुडघा खरंच दुखतो. खोटं नाही.


चैत्र शु. ८

ठाण्याला जाऊन आले.

दामले म्हणजे विनूच्याच वयाचा, पण म्हाताऱ्यासारखा. खाटेवर उशाला टेकून. त्याची आई पंख्याने वारा घालत होती. तिने मला बघितलं आणि पंखा थांबवला. विधवा बाई दारात आली, कशाला ते तिला कळलं असावं.

म्हणाला, डोंगरातल्या एका मुक्कामाला पटकी आली. माणसं पटापट. विनायकराव आजारी पडले. आजाऱ्यांच्या गाड्या वेगळ्या काढल्या, दुसऱ्या वाटेने नेल्या. आम्हाला पुढे जायचा हुकूम होता. आणि रडायला लागला.

म्हटलं, रडायचं ते आमच्याकडे ठेवा. तुम्ही सांगा. गाडीत घातला तेव्हा बोलत होता?

"पाणी मागत होते."

दिलं?

"दिलं, काकू. मी दिलं."

पुढे?

"पुढचं मला ठाऊक नाही. देवाशप्पथ ठाऊक नाही. नावं मुंबईला मोठ्या कचेरीत येतात, तिथे विचारलं तर कळेल."

त्याच्या आईने ताक दिलं. प्यायले नाही. मग वाटलं, हिने काय केलंय, हिचा आला यात हिचा काय गुन्हा. मग प्यायले.

गाडीत गोदाक्काचे यजमान म्हणाले, मुंबईला मी विचारतो. मी म्हटलं, नको. थांबा. काही विचारू नका. सुनेला तर नाहीच.

नाव आलं असलं तर आलंय. विचारलं नाही तर ते तिथेच राहील, कागदावर. घरात येणार नाही.


चैत्र शु. ११

सुनेने गुडघ्याचं विचारलं. म्हटलं, वैद्य गाढव आहे.

एकादशी. उपास. बरं झालं, जेवणाचं बोलायला नको.


चैत्र शु. १३

कैऱ्या उतरवल्या. अंगणात पानं.


चैत्र व. १

लिहवत नाही. त्याने सांगितलंय म्हणून एक ओळ. ही ती.


चैत्र व. ३

आज गोदाक्काकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आळीतल्या सगळ्या सवाष्णी नटून गेल्या. डाळ, पन्हं. मला बोलावण्याचा प्रश्नच नसतो, बोडक्यांना कोण बोलावतं. पण सुनेला दरसाल पहिलं आमंत्रण असतं. यंदा सकाळपासून नवं लुगडं काढून ठेवलं होतं तिने. दुपार झाली, बायका जाऊन आल्या, त्यांच्या कपाळांवरचं ताजं कुंकू दारातून दिसत होतं. आमच्याकडे कोणी आलं नाही.

लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.


चैत्र व. ४

भाजी चिरताना म्हणाली, खाली बघत, "सासूबाई, एक विचारू?"

विचार.

"ठाण्याला वैद्याकडे नव्हता ना गेलात?"

मी विळीवरून हात उचलला नाही. म्हटलं, कशावरून?

"तुम्ही आल्यापासून अंगणाचं काही बोलत नाही. एकदाही नाही. आधी रोज म्हणायचात, झाड, झाड, घाण झाली, विंचू झाले. ठाण्याहून आलात आणि गप्प. काल गोदाकाकूंनी बोलावलं नाही तेव्हा कळलं की त्यांनाही ठाऊक आहे."

मला वाटायचं मी लपवलंय. मी नुसती गप्प राहिले तर हिला सगळं कळलं. एवढी वर्षं मी हिला शिव्या देत होते, हिने ऐकून घेतल्या, तेव्हा हिने मला पाठ केलं असणार.

सांगितलं सगळं. पटकी, गाडी, पाणी. दामल्याने पाणी दिलं तेही.

ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणी पाहिलं का?"

काय?

"काय ते. कोणी पाहिलं का?"

नाही.

"मग नाही," म्हणाली. दुधी चिरला. फोडी बारीक झाल्या, त्याचा लगदा झाला. तसाच खाल्ला.


चैत्र व. ५

गोदाक्काच्या दारात गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला अगं-तुगं केलं. म्हटलं, गोदे, माझ्या सुनेचं कुंकू पुसायला तू कोण? सरकारने पुसलं नाही, देवाने पुसल्याचं कोणी पाहिलं नाही, तू डाळीच्या वाटीने पुसलंस?

ती खरंच घाबरली. म्हणाली, "वहिनी, बायका म्हणाल्या... कोणाच्या वाईट वेळेला चुकून हात लागला तर... माझ्या चार सुना आहेत हो."

म्हटलं, मला एकच आहे.

परत आले. ओटीवर टेकले. म्हातारपणाने.


वैशाख शु. ३

अक्षय तृतीया. गोदाक्काने पन्ह्याची कासंडी पाठवली, आणि सुनेसाठी हळदीकुंकवाची पुडी. सुनेने कुंकू लावून घेतलं, आरशासमोर जरा वेळ बसली. पन्हं दुर्गी प्याली. मी नाही. फार गोड करते ती.


वैशाख शु. ६

उन्हाने पानं इतकी वाळलीत की रात्रभर घुशी फिरतात ते ऐकू येतं. काल आळीच्या टोकाला कोणाच्या गवताला आग लागली. सगळे आमच्या अंगणाकडे बघून गेले. एकजण म्हणालाही, काकू, ठिणगी उडाली तर घर जाईल. म्हटलं, घरात राहतो आम्ही, ठाऊक आहे.

रात्री विहिरीचं पाणी काढून घागरी भरून ठेवल्या ओळीने.

सुनेला म्हटलं, आता बस झालं, यमू. म्हणाली, "तुम्हीच सांगा, काय म्हणून झाडू? पोचले म्हणून, की गेले म्हणून?"

खराटा मीही उचलला नाही.


वैशाख शु. ८

भिमी आली. आधीसारखी हाका मारत नाही. फाटकाबाहेर बसून राहिली. वाळून गेली आहे. म्हणाली, "आजे, समद्यांचा राब भाजून झाला. माजीच जागा कोरी ऱ्हायलीय. मागायला लाज वाटते. पन रोप नाय झालं त साल जाईल, आजे. पोरांना काय घालूं?"

मी सुनेकडे बघितलं. सून बराच वेळ दारात उभी. मग पदर खोचून अंगणात उतरली, वाकली, आणि हाताने पानं उचलून भिमीच्या टोपलीत टाकायला लागली.

म्हटलं, हे काय?

"केर काढायचा नाही म्हणतात. पानं उचलायची नाहीत असं कोणी म्हटलेलं नाही. खराटा नाही लावायचा. हाताने वेचू."

एवढं अंगण हाताने? वेड लागलंय हिला. मी म्हटलं तसं. आणि गुडघा धरून खाली बसले.


वैशाख शु. ९

पाठ राहिली नाही. काल दुपारपासून वेचतोय तिघी, आज दिवसभर. भिमी टोपल्या नेऊन फाटकाबाहेर बैलगाडीत ओतते. दुर्गीला काठी देऊन पायरीवर बसवली, विंचू दिसला की ओरडायचं. एक दिसला, चार वेळा ओरडली.

वरची पानं सुटी, भराभर. खाली चिकटलेली, काळी, ओली, एकेक नखाने काढावी लागतात. त्याच्याखाली विनू गेला त्या दिवशीचा सुकलेला सडा तसाच, भेगा पडलेला.

वेचता वेचता सून म्हणाली, मान वर न करता, "सासूबाई, मला पण करतील का हो? तुमच्यासारखं?"

माझ्या डोक्याकडे बघून बोलली नाही. तरी कळलं. मी बावीस वर्षांची होते. मला वस्तऱ्याआधी कोणी विचारलं नव्हतं, मी पण विचारलं नव्हतं कोणाला. कोपऱ्यात बसवलं, पाणी ओतलं डोक्यावर. केस माझे मांडीएवढे लांब होते. नंतर केरात गेले.

म्हटलं, मी जिवंत आहे तोवर न्हावी या फाटकाच्या आत येणार नाही.

बोलून तर गेले. माझ्या हातात काय आहे? भटजी येतील, हिचे भाऊ येतील खडवलीहून, आळी येईल. एक म्हातारी फाटकात उभी राहून काय करणार? पण बोलले ते बोलले. आता उभं राहावं लागेल.

फाटकाजवळची पानं तिने मला वेचू दिली नाहीत. ती तिने एकटीने वेचली.

भिमीची गाडी भरली. जाताना तिने वाकून सुनेला नमस्कार केला, पाया पडल्यासारखा. सून लाजली. "अगो, काय हे." भिमी एकही बातमी न सांगता गेली. पहिल्यांदाच.


वैशाख शु. १०

अंगण मोकळं. बघायला विचित्र वाटतं. झाडलेलं नाही, पण रिकामं. मातीवर आमच्या गुडघ्यांच्या नि हातांच्या खुणा सगळीकडे.

सकाळी उठून बघते तर बदामाखाली पाच-सात पानं. सून वाकून वेचत होती. मी गेले. दोघींनी वेचली.


वैशाख व. २

आता रोज हेच. उजाडलं की ती खाली बसते, मी बसते. आळीतल्या बायका पाण्याला जाताना थांबून बघतात. एक म्हणाली, अहो खराट्याने झाडा ना, घडीभराचं काम. म्हटलं, घडीभराचं काम असतं तर तुम्हाला बघायला मिळालं असतं का?

प. ना.


वैशाख व. ६

काल स्वप्न पडलं. सांगत नाही.

सुनेच्या माहेरून भाऊ आला खडवलीहून. त्याच्या कानावर गेलंय. ओटीवर बसून माझ्याशी बोलला, बहिणीशी नाही. "किती दिवस असं ठेवायचं? शास्त्र आहे काही. लोक बोलतात."

मी म्हटलं, लोकांना खडवलीला घेऊन जा, तिकडे बोलू दे.

"आई, मी तिच्या भल्याचं बोलतोय."

म्हटलं, भल्याचं बोलतोस तर तिच्यासमोर बोल. हाक मारू?

गेला. जाताना म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात येतो, भटजींना विचारून. म्हणजे तेवढा वेळ.


वैशाख व. ७

सुनेने सगळं आतून ऐकलं होतं. सकाळी पानं वेचताना म्हणाली, "मुंबईला जाऊ या. आपणच विचारू."

मी म्हटलं, विचारलं की सांगतील.

"हो."

नाव असलं तर?

हातातली पानं टोपलीत टाकून म्हणाली, "तुम्ही ठाण्याला एकट्या गेलात. मी राहिले. आता मी येते." पुढे म्हणाली, "दादा भटजींना घेऊन आला आणि त्यांनी सांगितलं, त्यापेक्षा कागदाने सांगितलेलं बरं."

हे मला सुचलं नव्हतं.


वैशाख व. ९

गोदाक्काकडे गेले. भांडणानंतर पहिल्यांदा. म्हटलं, दुर्गीला दोन दिवस ठेवाल? यजमान म्हणाले, मी येतो बरोबर. पण त्यांना कालपासून ताप. म्हटलं, नका येऊ. कचेरीचा पत्ता लिहून द्या मोठ्या अक्षरात, वाचता मला येतं.

दिला. वाचून दाखवला त्यांना. एक शब्द अडला, बाकी आला.

गोदाक्का फाटकापर्यंत पोचवायला आली. हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही निघाल्यावर अंगणाला मी कोणाला हात लावू देणार नाही. खराटा उचलून आमच्याकडे नेऊन ठेवते." मी मान हलवली.


वैशाख व. १०

उद्या सकाळची गाडी. सुनेने मुंबई पाहिलेली नाही. मीही एकदाच, नवरा होता तेव्हा. ती विचारते, कचेरीत बायकांना आत घेतात का? म्हटलं, नाही घेतलं तर बाहेर बसू. आपल्याला बसायची सवय आहे.

मग म्हणाली, "सासूबाई, त्यांनी सांगितलं तर तिथल्या तिथे काही करायला लावू नका मला. घरी येईपर्यंत राहू दे." कपाळाला हात लावून दाखवलं. मी हो म्हटलं.

वाटेत बाहेरचं खायचं नाही, म्हणून दशम्या करायला घेतल्या. दुधात पीठ भिजवत होते. विचारलं, किती करू गं? दोघींच्या जाताना नि येताना.

"तिघांच्या करा," म्हणाली.

म्हटलं, दुर्गी तर इथेच राहणार.

ती तवा पुसत होती. मी आणखी एक ओंजळ पीठ परातीत घातलं.